द्रौपदीची थाळी आणि शाळेची गच्ची



गेल्या काही वर्षांत आपल्या शहरांतील आणि मोठ्या गावांतील शाळांच्या गच्च्यांवर निळसर-काळी, काचेची तावदाने दक्षिणेकडे तोंड करून बसलेली दिसू लागली आहेत. ह्यांना आपण सोलर पॅनेल म्हणतो. ती बसली त्या दिवशी लहानसा समारंभ झाला, फीत कापली गेली, शाळेचे वीजबिल कमी होणार म्हणून व्यवस्थापक मंडळाला समाधान वाटले. आणि मग बहुधा गच्चीच्या दाराला कुलूप लागले. किल्ली शिपायाच्या जुडग्यात गेली. खाली वर्गात विज्ञानाचे शिक्षक फळ्यावर ‘अक्षय ऊर्जेची साधने’ असे शीर्षक लिहून सूर्य, वारा, पाणी अशी यादी मुलांना उतरवून देत आहेत. आणि त्यांच्या डोक्यावर, एका स्लॅबच्या अंतरावर, तीच ऊर्जा कोणाचेही लक्ष नसताना तारेतून वाहत आहे. आज मला ह्या एका स्लॅबच्या अंतराविषयी आपणांशी बोलावयाचे आहे.

बचतीचे महत्त्व मी कमी लेखीत नाही. शाळा चालविणे किती कठीण असते, हे ज्यांनी संस्थेची जमाखर्चाची वही पाहिली आहे त्यांना सांगावयास नको. इंदूर-ग्वाल्हेरकडील, बडोद्याकडील, बेळगाव-गोव्याकडील आपल्या जुन्या मराठी संस्था कोणाच्या तरी देणगीवर, कोणाच्या तरी जन्मभराच्या कष्टांवर उभ्या राहिल्या. त्यांना दरमहा वाचणारे काही हजार रुपये मोलाचे आहेत. परंतु पिठाच्या गिरणीवर बसविलेले पॅनेल आणि शाळेवर बसविलेले पॅनेल ह्यांत काही फरक असावा की नाही? गिरणीत वीज तयार झाली, जाते फिरले, म्हणजे काम पूर्ण झाले. शाळेत वीज तयार झाली, म्हणजे तेथून काम सुरू व्हावयास हवे.

हे शास्त्र काही कालपरवाचे नव्हे. १८३९ साली एदमों बेकरेल नावाचा एकोणीस वर्षांचा फ्रेंच तरुण आपल्या वडिलांच्या प्रयोगशाळेत काम करीत असता त्याला असे आढळले, की द्रावणात बुडविलेल्या धातूच्या पट्ट्यांवर प्रकाश पाडला म्हणजे विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो. आज कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असणाऱ्या मुलाच्या वयाचा हा शोधक होता, ही गोष्ट वर्गात आवर्जून सांगण्यासारखी आहे. त्यानंतर उपयोगी पडेल असा घट तयार व्हावयास शंभराहून अधिक वर्षे लागली. २५ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने चॅपिन, फुलर आणि पिअर्सन ह्या तिघा संशोधकांनी तयार केलेला सिलिकॉनचा सौरघट लोकांपुढे मांडला. त्याच्या विजेवर त्यांनी खेळण्यातला एक पाळणा फिरवून दाखविला, आणि एक लहानसे रेडिओ-प्रक्षेपणयंत्रही चालवून दाखविले. सूर्यप्रकाशाच्या विजेने अगदी आरंभी जी कामे केली त्यांत आवाज दूर पोहोचविण्याचे काम होते, हे नभोवाणीवरून बोलणाऱ्याला सुखावणारेच आहे. त्या घटावर पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम सहा टक्के प्रकाशाची वीज होई. आज गच्चीवर बसणाऱ्या पॅनेलात हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले आहे.

ह्या घटाचे कार्य आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला समजण्यास अवघड नाही. सिलिकॉन हे वाळूपासून मिळणारे मूलद्रव्य. त्याच्या पातळ चकतीच्या एका बाजूस फॉस्फरसचा आणि दुसऱ्या बाजूस बोरॉनचा अत्यल्प अंश मिसळलेला असतो. त्यामुळे दोन थरांच्या सीमेवर विजेचा जणू एक उतार तयार होतो. प्रकाशाचा कण आत शिरला, की एखादा इलेक्ट्रॉन जागचा सुटतो आणि त्या उताराने एका बाजूस ढकलला जातो. त्याला तारेची वाट करून दिली, की तो दिव्यातून वा पंख्यातून फिरून पुन्हा आपल्या ठिकाणी येतो. ह्यात काही जळत नाही, काही फिरत नाही, आवाज होत नाही. मात्र एका घटातून सुमारे अर्ध्या व्होल्टाचाच दाब मिळतो. म्हणून पुष्कळ घट एकापुढे एक असे साखळीने जोडून पॅनेल बनवितात. ही साखळी श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी; पुढे तिचे काम पडणार आहे.

आता ‘अक्षय ऊर्जा’ ह्या शब्दाकडे वळू. शब्द चांगला आहे, परंतु मुलांच्या मनात त्याचा जो अर्थ उतरतो तो बरोबर नसतो. अक्षय म्हणजे हवी तेवढी, हवी तेव्हा आणि फुकट, अशी त्यांची समजूत होते. आणि मोठ्यांचीही तीच असते. ही समजूत दुरुस्त करण्यास आपल्याकडे एक फार जुनी कथा आहे. पांडव वनवासास निघाले. बरोबर आलेल्या ब्राह्मणांना जेवू कसे घालावे, ही धर्मराजाला चिंता पडली. धौम्य ऋषींच्या सांगण्यावरून त्याने सूर्याची उपासना केली आणि सूर्याने त्याला एक ताम्रपात्र दिले. हीच आपली द्रौपदीची थाळी. तिच्यातले अन्न सरत नसे, एवढे आपण सारे लक्षात ठेवतो. परंतु त्या वरदानाला एक मर्यादा होती. सर्वांना वाढून झाल्यावर द्रौपदी स्वतः जेवली, की त्या दिवसापुरती थाळी रिकामी होई. पुन्हा दुसऱ्या दिवसापर्यंत तिच्यातून शीतही निघत नसे. दुर्वास ऋषी शिष्यांचा मेळा घेऊन आले ते नेमके द्रौपदीचे जेवण झाल्यावर, आणि म्हणून तर तिला कृष्णाचा धावा करावा लागला.

शाळेच्या गच्चीवरील पॅनेल ही नेमकी अशीच थाळी आहे. देणारा तोच आहे, आणि अटही तीच आहे. सूर्य उद्या पुन्हा येणार, परवा येणार, ह्या अर्थाने ती अक्षय. परंतु आजचा वाटा आजच्यापुरता, मोजून दिलेला. माझे सांगणे एवढेच आहे, की ‘अक्षय म्हणजे अमर्याद नव्हे’ हा धडा पुस्तक शिकवू शकत नाही. मुलांनी स्वतः मोजले तरच तो कळतो. आणि मोजण्याचे साधन गच्चीवर आधीच बसलेले आहे.

आरंभ अगदी साधा करता येईल. पॅनेलांबरोबर मीटर असतेच. रोज किती वीज तयार झाली, हे त्यावर दिसते. हे मीटर, किंवा निदान त्याचा आकडा, मुलांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी आणावा. सुविचार लिहावयाचा फळा प्रत्येक शाळेच्या व्हरांड्यात असतो. त्याच्या शेजारी दुसरा फळा लावावा. त्यावर पाळीपाळीने एकेका वर्गाच्या मुलांनी रोज तीन गोष्टी लिहाव्यात : काल किती युनिट वीज मिळाली, शाळेने किती वापरली, आणि काल आकाश कसे होते. हेच आकडे एका वहीत उतरून ठेवावेत. ह्याला खर्च येतो तो एका खडूचा.

पाच किलोवॅटचा संच असेल, तर वर्षाच्या सरासरीने त्यातून दिवसाला वीस युनिटांच्या आसपास वीज मिळते. पण सरासरी ही मोठी फसवी गोष्ट आहे, हे मुलांना वहीतूनच उमगेल. आषाढातल्या झाकोळलेल्या दिवशी आकडा पाच-सहावर येईल. मार्च महिन्यात तो उंच जाईल. आणि मे महिन्यात? मुले पैजेवर सांगतील, की मे महिन्यात सर्वांत अधिक. आकडे तसे म्हणणार नाहीत. माळव्यात किंवा गुजराथेत मार्चमधला एखादा निरभ्र, गार दिवस मे महिन्यातल्या तळपत्या दिवसाच्या बरोबरीस येतो, कधी त्यावर ताणही करतो. असे का व्हावे, हा प्रश्न ज्या वर्गात मुलांनी आपण होऊन विचारला, त्या वर्गात विज्ञानाचे शिक्षण सुरू झाले असे समजावे.

एक युनिट म्हणजे काय, हेही मुलांना आकड्याबाहेर आणून दाखविले पाहिजे. एक धट्टाकट्टा मजूर आठ तास राबला, तर त्याच्या हातून विजेच्या हिशेबाने अर्ध्या-पाऊण युनिटाएवढे काम होते. म्हणजे शाळेच्या गच्चीवर दिवसभर तीसएक मजुरांइतके काम निमूटपणे चालू असते. दुसरे उदाहरण इंदूरच्या मुलांसाठी. इंदूरकर जे पाणी पितात, त्यातले बहुतेक नर्मदेवरील जलूद येथून, सुमारे सत्तर किलोमीटरांवरून, विंध्याचा घाट चढवून आणलेले असते. ही चढण चारशे मीटरांहून अधिक आहे. गणिताच्या तासाला मुलांनी हिशेब करावा : हजार लिटर पाणी एक युनिट विजेने, काहीही वाया न जाता, किती उंच चढेल? उत्तर येते ३६७ मीटर. म्हणजे घरच्या गच्चीवरील हजार लिटरांची टाकी भरली, की निदान एक युनिटाहून अधिक वीज केवळ ते पाणी घाट चढून येण्यात खर्च झालेली असते. पंपातले आणि नळातले नुकसान निराळेच. ह्याच खर्चाचा भार हलका व्हावा म्हणून इंदूर महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित कर्जरोखे लोकांसाठी खुले केले, आणि त्यातून जलूद येथे ६० मेगावॅटचे सौर विद्युत्केंद्र उभारण्याचे योजिले. हा हिशेब केलेला मुलगा नळ वाहता ठेवून खेळावयास जाणार नाही, असे मला वाटते. निदान जाताना त्याला एकदा तरी आठवण होईल.

भूगोलाच्या शिक्षकांनाही ह्या पॅनेलांनी मोठी सोय करून दिली आहे. ती सरळ आडवी का ठेवलेली नाहीत? दक्षिणेकडेच का कललेली? आणि कल किती? ह्याचे उत्तर एका मीटरभर लांबीच्या काठीने मिळते. २१ मार्चच्या किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास, मध्यान्हीच्या वेळी, अंगणात काठी उभी रोवून तिची सर्वांत आखूड सावली मोजावी. पणजीला किंवा बेळगावला ती सुमारे २८ सेंटिमीटर भरेल, हैदराबादेस ३१, बडोद्यास ४१, इंदुरास ४२ आणि ग्वाल्हेरीस ४९. काठी आणि सावली ह्यांवरून जो कोन निघतो तो त्या गावाचा अक्षांश, आणि पॅनेलाचा कलही साधारण तेवढाच ठेवतात. ग्वाल्हेर आणि पणजी येथील दोन शाळांनी एकाच दिवशी सावली मोजून एकमेकींस पत्राने कळविली, तर पृथ्वी गोल असल्याचा पुरावा मुलांच्या स्वतःच्या हाती येईल.

ही विद्या आपल्या परिसराला परकी नाही. उज्जैनला सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा आहे. पुढे तिची पडझड झाली. १९२३ साली महाराज माधवराव शिंदे ह्यांच्या कारकिर्दीत तिचा जीर्णोद्धार झाला आणि गोविंद सदाशिव आपटे हे ज्योतिर्विद तिचे पहिले अधीक्षक झाले. उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी लगत असल्यामुळे २१ जूनच्या सुमारास मध्यान्ही तेथील शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते, आणि ती पाहावयास आजही माणसे जमतात. शंकूच्या सावलीवरून सूर्याची चाल वाचणाऱ्या ह्या परंपरेत, सावलीमुळे घटणाऱ्या विजेचा हिशेब ठेवणारा आजचा विद्यार्थी सहज बसेल.

आता प्रयोगांकडे येऊ. गच्चीवरच्या मोठ्या संचाला मुलांचा हात लागता कामा नये, हे मी निक्षून सांगतो. तेथे कित्येक शे व्होल्टांचा दाब असतो आणि ऊन असेपर्यंत तो बटण दाबून नाहीसा करता येत नाही. परंतु छत्तीस घटांचे, दहा वॅटचे एक लहान पॅनेल आणि विद्युत्प्रवाह मोजण्याचे एक साधे मल्टिमीटर एवढ्यावर अंगणात प्रयोगशाळा उभी राहते. पॅनेल मुलांच्या छातीइतक्या उंचीच्या लाकडी घोडीवर ठेवावे. मग त्यातल्या एकाच घटावर एखाद्या मुलीला तळहात ठेवावयास सांगावे. छत्तिसांपैकी एक घट झाकला, तेव्हा प्रवाह छत्तिसाव्या हिश्शाने कमी होईल, असा सर्वांचा अंदाज असतो. प्रत्यक्षात काटा एकदम खाली येतो. मघाशी सांगितलेली साखळी ती हीच. एका कडीतून पाणी पुढे जाईना, तर मागच्या पस्तीस कड्यांचे पाणी तुंबते. मोठ्या पॅनेलात ह्यावर बगल देण्याची थोडी सोय केलेली असते. तरीही गच्चीवर झुकलेली पिंपळाची एक फांदी अर्ध्या संचाची वीज का खाते, हे मुलांना मग सांगावे लागत नाही.

दुसरा प्रयोग मे महिन्याच्या कोड्याचा. पॅनेल तासभर उन्हात तापू द्यावे आणि त्याचा दाब मोजावा. मग मागच्या बाजूस ओले फडके धरून ते निववावे. दाब एक-दीड व्होल्टाने वर चढलेला दिसेल. उजेड तोच, सूर्य तोच. केवळ उष्णता उतरली. पॅनेलाला प्रकाश हवा असतो, ताप नको असतो. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे त्याची शक्ती सुमारे अर्ध्या टक्क्याहून थोडी कमी अशी घटत जाते, आणि वैशाखाच्या उन्हात पॅनेल साठ अंशांपर्यंत तापते. बडोद्याजवळ नर्मदेच्या कालव्यावर छप्पर घालावे तशी पॅनेले बसवून दहा मेगावॅटचे केंद्र उभारले आहे. जानेवारी २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून ह्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जमीन वाचते, पाण्याची वाफ कमी होते आणि खालच्या पाण्याने पॅनेल थोडे निवते, असा त्यामागचा विचार. ओले फडके धरलेल्या मुलाला हा विचार सहलीला नेऊन एका वाक्यात समजावता येतो.

तिसरा प्रयोग धुळीचा. लहान पॅनेले दोन असतील, तर एक रोज पुसावे आणि दुसरे महिनाभर तसेच राहू द्यावे. दोहोंचे आकडे शेजारी शेजारी लिहावेत. पुढे गच्चीवरची पॅनेले धुण्याची आठवण मुलेच मुख्याध्यापकांना करू लागतील. आणि ती भर दुपारी नव्हे, सकाळी लवकर धुवावीत, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडल्यास ती तडकू शकते, हेही त्यांना ठाऊक असेल.

एक दिवस असा येईल, की बाहेर लख्ख ऊन आहे, गच्चीवर पॅनेले आहेत आणि वर्गातला पंखा मात्र बंद पडला आहे. वीज मंडळाचा पुरवठा गेला, की साधा, बॅटरी नसलेला सौरसंचही आपोआप बंद होतो. मुले म्हणतील, ही कसली सूर्यशक्ती? तेव्हा शिक्षकांनी त्यांना खांबावर चढलेल्या वायरमनची आठवण करून द्यावी. पुरवठा बंद आहे असे समजून तो तारेला हात लावणार. त्या वेळी शाळेतून वीज बाहेर गेली तर त्याचा प्राण जाईल. म्हणून ही व्यवस्था. आपली गच्ची ही एकटी नाही, ती शहरभराच्या जाळ्यातला एक धागा आहे, ही जाणीव त्या उकाड्याच्या तासात जितकी पक्की होईल तितकी व्याख्यानाने व्हावयाची नाही.

ह्याच जाळ्याचा विचार पुढे नेला, म्हणजे दुर्वास भेटतात. दुपारी शाळेला पुरून उरलेली वीज नेट मीटरमधून बाहेर जाते. सुट्टीत तर जवळजवळ सगळीच जाते. पण संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर, घरोघर दिवे, दूरदर्शन, पंखे, शेगड्या एकदम चालू होतात. थाळी धुऊन ठेवलेली असते आणि पाहुणे दारात उभे राहतात. त्या वेळी खंडव्याकडील सिंगाजीच्या औष्णिक केंद्रात कोळसा जळतो, नर्मदेवरील इंदिरासागर धरणातून पाणी सुटते, किंवा कोठे बॅटरीत साठविलेली वीज उपयोगी पडते. जानेवारी २०२५ च्या अखेरीस भारतातील सौर विद्युत्केंद्रांची क्षमता शंभर गीगावॅटच्या पुढे गेली. ही अभिमानाची गोष्ट आहे. तरीही २०२४-२५ ह्या वर्षातली देशातील बहुतांश वीज कोळशाचीच होती. क्षमता निराळी आणि प्रत्यक्ष मिळालेली वीज निराळी, हा भेद वर्तमानपत्रातला मथळा वाचणाऱ्या पुष्कळ सुशिक्षितांना उमगत नाही. व्हरांड्यातला फळा दोन वर्षे लिहिलेल्या मुलाला तो उमगेल.

मुलांच्या हाती हे काम दिल्याने काय होते, ह्याचे एक मोठे उदाहरण आपल्याच भागात घडले आहे. २०१४ च्या सुमारास मुंबईच्या आय. आय. टी. ने शाळकरी मुलांच्या अभ्यासासाठी दहा लाख सौरदिवे पोहोचविण्याची योजना हाती घेतली. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, राजस्थान अशा राज्यांतील खेड्यांत हे दिवे गेले. ते आयते वाटले नाहीत. त्यांची जोडणी त्या त्या भागातल्याच शिकविलेल्या माणसांनी केली, दुरुस्तीची सोय तेथेच ठेवली, आणि मुलांकडून दिव्यामागे १२० रुपये घेतले. बिघडलेला दिवा दुरुस्त करणारा माणूस गावात असणे, हे दिव्याइतकेच महत्त्वाचे होते. पुढे २ ऑक्टोबर २०१९ रोजी, गांधीजींच्या १५० व्या जयंतीस, दिल्लीत हजारो विद्यार्थ्यांनी एकत्र बसून आपापला सौरदिवा स्वतःच्या हाताने जोडला. ह्या कामाचे प्रवर्तक, आय. आय. टी. तील तेव्हाचे प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी, हे मूळचे मध्य प्रदेशातलेच. नोव्हेंबर २०२० मध्ये ते दिवे, पंखा, शेगडी सौर विजेवर चालणारी एक बस घेऊन देशभर हिंडावयास निघाले. ते लोकांना पॅनेल घ्या असे आधी सांगत नाहीत. विजेचा एक तृतीयांश वापर टाळा, एक तृतीयांश चांगल्या साधनांनी कमी करा, आणि राहिलेला एक तृतीयांश जागच्या जागी निर्माण करा, असा त्यांच्या सांगण्याचा क्रम आहे. सौरघटांच्या अभ्यासात आयुष्य घालविलेला मनुष्य निर्मितीला शेवटचे स्थान देतो, हे विचार करण्यासारखे आहे.

शाळेत हा हिशेब सहज करता येतो. जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, नवा कमी विजेचा पंखा तीसएक वॅट. शाळेत वीस पंखे सहा तास चालतात असे धरा. पंखे बदलल्यास दिवसाला पाच युनिटांहून अधिक वीज वाचेल; म्हणजे पाच किलोवॅटच्या संचाच्या दिवसाच्या कमाईचा चतुर्थांश. आणि मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गाचे पंखे बंद केले, तर त्यावर एक पैही खर्च न होता आणखी बचत. हा शोध मुलांनी लावू द्यावा. तो लावला, की पंखे बंद करण्यासाठी सूचनाफलक लावावा लागत नाही.

मुलांपासून ह्या विद्येची दुसरी बाजूही लपवू नये. सौरघट बनविण्यास पुष्कळ उष्णता आणि वीज लागते, आणि जगातील ह्या उत्पादनाचा फार मोठा भाग चीनमध्ये होतो. पॅनेलाचे आयुष्य पंचवीसएक वर्षांचे. नंतर काच, ॲल्युमिनियम, सिलिकॉन ह्यांचा कचरा उरतो. आपल्या सरकारने २०२२ च्या नियमांनी, जे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले, सौर पॅनेलांचा समावेश विद्युत् कचऱ्यात केला आहे. आज सहावीत असलेला विद्यार्थी छत्तीस-सदतीस वर्षांचा होईल, तेव्हा त्याच्या शाळेच्या गच्चीवरचे हे पॅनेल उतरवावे लागेल. त्याचे काय करावयाचे, हे ठरविणाऱ्यांत कदाचित तोच असेल. त्याला आजच दोन्ही बाजू ठाऊक असलेल्या बऱ्या.

शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम पुरा करताना पुरेवाट होते, त्यात हे नवे लचांड कशाला? त्यांची अडचण खरी आहे. परंतु मी नवा विषय मागत नाही. आलेख गणितात आहेतच, अक्षांश भूगोलात आहेत, विद्युत्प्रवाह विज्ञानात आहे, आणि वहीत लिहावयाची नोंद ही भाषेत आहे. पुस्तकातल्या कल्पित आकड्यांऐवजी स्वतःच्या शाळेचे आकडे घ्यावयाचे, एवढेच. ह्यात एक आणखी लाभ आहे. सौरसंच बंद पडतात ते बहुधा मोठ्या बिघाडाने नव्हे, दुर्लक्षाने. कोठे तार सैल होते, कोठे बॅटरीतले पाणी आटते, आणि महिनोन्‌महिने कोणाला पत्ता नसतो. शिक्षकांची बदली होते, मुख्याध्यापक निवृत्त होतात, ठेकेदाराचा दूरध्वनी लागत नाही. पण जेथे रोज एक मुलगा आकडा लिहितो, तेथे सोमवारी पडलेला बिघाड मंगळवारी फळ्यावर दिसतो. लाखो रुपये खर्चून बसविलेल्या यंत्राला ह्याहून स्वस्त आणि जागरूक राखणदार मिळणार नाही.

मुख्याध्यापकांना आणि पालकांना माझी विनंती फार लहान आहे. येत्या सोमवारी गच्चीची किल्ली मागवावी. एका वर्गाला शिक्षकांसह वर न्यावे, दुरूनच पॅनेले दाखवावीत, मीटर कोठे आहे ते पाहावे, आणि खाली येऊन फळ्यावर पहिला आकडा लिहावा. दुसऱ्या दिवशी दुसरा आकडा लिहिला जाईल. तो पहिल्याहून निराळा असेल, आणि तो निराळा का, असे कोणीतरी विचारील. त्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी शिक्षकांनी तयार राहावे.